जुन्या टीव्हीतून काढलेले हाय व्होल्टेजचे भाग ओळखताना मीटर चुकीचं का सांगतो

पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही उघडून भाग काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण येतेच. पिशवीत जाड लाल वायरचा काळा ठोकळा असतो, दोन-चार निळ्या चकत्या, एक लांबट काडी, पत्र्यावर बसवलेला मोठा ट्रान्झिस्टर. मल्टिमीटर लावला की अर्धे भाग ओपन दिसतात, उरलेले शॉर्ट. मग चांगला डायोड ओपन म्हणून भंगारात जातो, धडधाकट ट्रान्झिस्टर शॉर्ट म्हणून त्याच्या मागोमाग जातो, आणि आतून जळालेला ईएचटी (हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर, तोच जाड लाल वायरचा काळा ठोकळा) मात्र ‘कंटिन्युइटी आहे की’ म्हणून जपून ठेवला जातो.

यात मीटरचा दोष नाही. डायोडच्या रेंजवर साधा मल्टिमीटर जेमतेम तीन व्होल्ट देतो, आणि हे भाग हजारो व्होल्टसाठी बनवलेले आहेत. त्यांना साध्या भागांची कसोटी लावली तर उत्तर चुकणारच. कुठला भाग कसा तपासायचा ते पुढे सांगतो, पण त्याआधी चार्जबद्दल बोलायला हवं, कारण ते राहून गेलं तर बाकीच्याला अर्थ नाही.

हात घालण्याआधी

टीव्हीत चार्ज दोन ठिकाणी साठतो. एक म्हणजे पिक्चर ट्यूब. तिच्या काचेला आतून-बाहेरून काळा वाहक लेप असतो, मध्ये काच. म्हणजे ती स्वतःच एक कॅपॅसिटर आहे, साधारण दोन नॅनोफॅरडचा. २१ इंची रंगीत सेटमध्ये तिच्यावर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात. दुसरं ठिकाण म्हणजे पॉवर सप्लायमधला जाडा कॅपॅसिटर, १०० किंवा २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा. त्याच्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात.

लाल वायरला सगळे घाबरतात, पण हिशोब करून पाहा. ट्यूबमधली ऊर्जा येते साधारण ०.६ जूल, २२० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधली येते ११ जूलच्या वर. ट्यूबचा झटका बसला की हात जोरात मागे जातो आणि कोपर ट्यूबच्या मानेवर किंवा चेसिसच्या धारेवर आपटतो, जखम बऱ्याचदा त्याने होते. जाड्या कॅपॅसिटरचा करंट थेट लागतो. दोन्ही रिकामे करायचे, एकही सोडायचा नाही.

ट्यूबसाठी: प्लग काढा. ट्यूबच्या पाठीवरून जी उघडी जाळीदार तार ताणलेली असते तिला वायरचं एक टोक क्लिपने लावा, दुसरं टोक चांगल्या मुठीच्या चपट्या स्क्रूड्रायव्हरला. वायरच्या मध्ये हाय व्होल्टेजचा काही मेगाओहमचा रेझिस्टर घातला तर उत्तम. एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हाताने स्क्रूड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवा, आतल्या धातूच्या क्लिपला लागेपर्यंत. क्लिप चेसिसवर कुठेतरी लावायची नाही, त्या जाळीच्या तारेलाच लावायची. नाहीतर तो झटका आयसींमधून जातो आणि जे भाग वाचवायचे तेच मरतात. दहा-पंधरा मिनिटांनी हेच पुन्हा करा. एकदा रिकामी केलेली ट्यूब थोडा चार्ज परत दाखवते. काचेत मुरलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो. भंगारवाल्याने लाल वायर आधीच कापली असेल तर जास्त सांभाळा, कारण ईएचटीतल्या रेझिस्टरमधून चार्ज निघून जायची वाटच बंद झालेली असते.

जाड्या कॅपॅसिटरसाठी होल्डरमधला २३० व्होल्टचा ६० वॉटचा बल्ब घ्या आणि त्याच्या दोन वायरी कॅपॅसिटरच्या दोन पायांना लावा. मग डीसी रेंजवर मीटर लावून शून्य झालं का ते बघा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय असेल तर ती सोडा. ट्रॅक उडतो, आणि तापलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

भाग काढण्याआधी बोर्डचा फोटो

बोर्डवरून काढलेल्या भागाची निम्मी ओळख बोर्डवरच राहते. म्हणून सोल्डर काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. हीटसिंकवरच्या मोठ्या ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायापासून निघालेला जाड ट्रॅक ईएचटीच्या ज्या पिनला जातो ती कलेक्टरची पिन. त्याच ट्रॅकवर जो चौकोनी किंवा फुगीर कॅपॅसिटर आहे तो रिट्रेसचा, म्हणजे एक ओळ संपवून किरण परत मागे येतो त्या वेळचा. मेनच्या वायरीजवळची चकती वेगळी, ईएचटीजवळची वेगळी. बोर्डवर हे दोन मिनिटांत दिसतं. पिशवीत गेल्यावर तासभर डोकं खाजवावं लागतं.

ईएचटी: ‘रिकामी’ पिन रिकामी नसते

दुकानात ईएचटी, सर्किटच्या नकाशात एलओटी, इंटरनेटवर शोधताना फ्लायबॅक. वस्तू एकच. रंगीत सेटमधल्या ठोकळ्यावर दोन खुंट्या असतात, बहुधा वरची फोकस आणि खालची स्क्रीन. त्यातून दोन बारीक वायरी ट्यूबच्या मानेवरच्या बोर्डाकडे जातात आणि जाड लाल वायर ट्यूबच्या टोपीकडे. खाली घोड्याच्या नालेच्या आकारात साधारण दहा पिना.

पहिला प्रश्न: डायोड आत आहे की बाहेर? लाल वायर आणि प्रत्येक पिन यांच्यामध्ये ओहम मोजा. एखाद्या पिनशी काहीशे ओहम दाखवले तर ती नुसती तांब्याची कॉइल आहे. म्हणजे हा जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटचा ईएचटी, आणि डायोडची काडी त्याच्या वायरमध्ये वेगळी होती. सगळ्या पिनांशी ओपन दाखवलं तर डायोड ठोकळ्यातच आहेत. रंगीत सेटमधले ईएचटी बहुतेक असेच, आणि नेमके हेच ‘लाल वायर तुटलेली आहे’ म्हणून फेकले जातात. आतली कॉइल तुकड्यातुकड्यांत गुंडाळून मध्ये डायोड घातलेले असतात. मीटरच्या तीन व्होल्टला ती साखळी हलत नाही.

आता पिनांचे गट पाडा. कंटिन्युइटीवर प्रत्येक पिन बाकीच्या सगळ्यांशी लावून कागदावर लिहा. एका गटात बी प्लस (पॉवर सप्लायकडून येणारं मुख्य डीसी) आणि कलेक्टर येतील. या दोघांमधला रोध इतर जोड्यांपेक्षा जरा जास्त, साधारण एक ओहमच्या आसपास. दुसऱ्या गटात हीटर, व्हर्टिकलचा सप्लाय वगैरे, सगळे एक ओहमच्या खाली. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध आधी मोजून वजा करा, नाहीतर सगळ्या जोड्या सारख्याच दिसतील.

गट पाडून झाल्यावर एक-दोन पिना उरतात ज्या कशालाच लागत नाहीत. कागदावर त्यांच्यापुढे ‘रिकामी’ असं लिहिलं जातं आणि गडबड तिथेच होते. त्यातली एक बहुधा एबीएलची (चित्राचा उजेड आपोआप आवरणाऱ्या सर्किटची) पिन असते, म्हणजे हाय व्होल्टेज कॉइलचं खालचं टोक. ती लाल वायरशी जोडलेली आहे, पण डायोडांच्या साखळीतून. ती मोकळी सोडली तर हाय व्होल्टेजच्या कॉइलला परतीची वाट राहत नाही, आणि पिन व शेजारच्या ट्रॅकमध्ये ठिणग्या उडतात.

ती ओळखायची साधी रीत सांगतो. ९ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, ३६ व्होल्ट होतात. बॅटरीचा प्लस संशयित पिनला. लाल वायरच्या टोकाला मीटरची लाल प्रोब, मीटरची काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला. मीटर डीसी व्होल्टवर, ओहमवर नाही. मीटरचा स्वतःचा १० मेगाओहमचा रोध इथे करंट आवरतो, त्यामुळे भागाला आणि तुम्हाला काही होत नाही. पिन एबीएलची असेल आणि आतले डायोड चांगले असतील तर मीटर बॅटरीपेक्षा काही व्होल्ट कमी दाखवेल. जे कमी पडलं ते डायोडांनी खाल्लं. दुसऱ्या पिनांवर जवळजवळ शून्य. आता बॅटरी उलटी करा, म्हणजे पिनला मायनस, आणि मीटरमधून प्लस लाल वायरला. आकडा शून्याजवळ यायला हवा. एक-दोन व्होल्ट राहिले तर घाबरू नका. फोकसच्या खुंट्यांमागे शेकडो मेगाओहमची रेझिस्टरची पट्टी असते, तिच्यातून तेवढं झिरपतं. दोन्ही दिशांना जवळजवळ पूर्ण ३६ आले तर आतले डायोड गेले.

यातून कॉइलचे वेढे आत शॉर्ट झालेत का ते कळत नाही. शेकडो वेढ्यांतला एक शॉर्ट झाला तर ओहममध्ये फरक दिसणारच नाही, पण ईएचटी मेलेला असतो, आणि बोर्डवर लावला की ट्रान्झिस्टर उडवतो. त्यासाठी इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर लागतो आणि तोही १० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर मोजणारा. बी प्लस आणि कलेक्टर यांच्यामधला इंडक्टन्स मोजा, काही मिलीहेन्री येईल. मग ठोकळ्याबाहेर दिसणाऱ्या उघड्या फेराइटच्या गाभ्याभोवती जाड तारेचा एकच वेढा घालून त्याची टोकं घट्ट पिळा आणि परत मोजा. चांगल्या ईएचटीत आकडा दणकन खाली येतो. आधीच कमी होता आणि वेढ्याने फारसा हललाही नाही, तर आत आधीपासूनच एक शॉर्ट वेढा बसलेला आहे. स्वस्त मीटर १०० हर्ट्झ किंवा १ किलोहर्ट्झवर मोजतात. त्यांवर हा फरक नीट दिसत नाही.

डोळ्यांनीही बघा. ठोकळ्यावर केसासारखी भेग, फुगवटा, सुईच्या टोकाएवढं काळं भोक यांपैकी काहीही दिसलं तर मोजमापाच्या भानगडीत न पडता बाजूला टाका. एम-सील लावून तो चालवणारे भेटतील. चार दिवस चालतोही, पण मग ट्रान्झिस्टरला घेऊन जातो.

‘हा किती केव्हीचा?’ हा नेहमीचा प्रश्न. तो आकडा नुसत्या ईएचटीत नसतो, सेटमध्ये असतो. १४ इंची ब्लॅक अँड व्हाइटला १०-१२ किलोव्होल्ट, २० इंची ब्लॅक अँड व्हाइटला १५ ते १८, २१ इंची रंगीतला २५ च्या आसपास, २९ इंचीला त्याहून जास्त. साधा मल्टिमीटर लाल वायरला लावून हे मोजता येत नाही. तो १००० व्होल्टपर्यंतचा असतो आणि २५ हजार व्होल्ट त्याच्या प्रोबमधून तुमच्या बोटांपर्यंत येतील. कलेक्टरवरही लावू नका. तिथे बी प्लस जरी ११० असलं तरी रिट्रेसच्या वेळी हजाराच्या आसपास पल्स असतो.

बदली ईएचटी घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ठोकळ्यावरचा नंबर, खालून पिनांचा फोटो आणि टीव्हीचं मॉडेल घेऊन जा. जुने दुकानदार एचआर नंबरनेही (बदली ईएचटी बनवणाऱ्या कंपनीचा नंबर) शोधून देतात. ‘२१ इंची’ एवढ्यावर आणलेला ईएचटी पिनांत बसला तरी आतल्या जोडण्या वेगळ्या निघतात.

काडीसारखा डायोड

ब्लॅक अँड व्हाइट सेटच्या लाल वायरमध्ये किंवा टोपीजवळ पेन्सिलच्या तुकड्याएवढी काडी असते. आत अनेक डायोड एकामागे एक रचलेले. मीटरवर दोन्ही बाजूंनी ओपन, म्हणजे नेहमीसारखंच. तपासणी वरचीच: चार बॅटऱ्या, मीटर डीसी व्होल्टवर. एका दिशेने चांगला आकडा, दुसऱ्या दिशेने शून्याजवळ. एका दिशेलाही काही आलं नाही तर आणखी दोन बॅटऱ्या जोडून बघा. जुन्या सेलेनियमच्या काड्यांना जास्त लागतं. आकडा आल्यावर ज्या टोकातून करंट बाहेर पडतो तिथे लाल खूण करून ठेवा. अनेक काड्यांवरची मूळ खूण उष्णतेने पुसलेली असते.

‘बेस-एमिटर शॉर्ट आहे’

सगळ्यात जास्त चांगले भाग इथे वाया जातात. लाइन आउटपुटचा ट्रान्झिस्टर, म्हणजे ईएचटी चालवणारा हीटसिंकवरचा तो मोठा, दोन जातींत येतो. बीयू२०८ए, बीयू५०८ए यांमध्ये नुसता ट्रान्झिस्टर. बीयू५०८डी, किंवा ज्याच्यावर नुसतं डी१५५५ छापलेलं असतं तो, यांच्या पोटात डॅम्पर डायोड (कलेक्टर-एमिटरमध्ये उलटा बसवलेला) आणि बेस-एमिटरमध्ये एक रेझिस्टर असतो, साधारण ३० ते ५० ओहमचा. मीटर बीप करतो, आपण ‘शॉर्ट’ म्हणतो. बीप थांबवून ओहम बघा. चाळीसच्या आसपास असेल तर तो शॉर्ट नाही, तो तसाच असतो.

निकाल कलेक्टर-एमिटरवर लावायचा. डी जातीत लाल प्रोब एमिटरला, काळी कलेक्टरला लावली की डायोड रेंजवर ०.४ ते ०.५ येतं, ते डॅम्परचं. उलट केल्यावर ओपन. साध्या जातीत दोन्हीकडे ओपन. दोन्ही दिशांना शून्य आलं तरच तो गेला. आणि हे सगळं बोर्डवरून काढल्यावर: बोर्डवर असताना बेस-एमिटरला ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरची कॉइल आडवी असते, तिथे चांगला ट्रान्झिस्टरही शून्यच दाखवतो.

जात ओळखून लेबल लावणं यासाठीही गरजेचं की डी जातीच्या जागी नुसता ए घातला आणि बाहेर वेगळा डॅम्पर नसला तर तो टिकत नाही. जुन्या सेटमधून निघालेले मूळ ट्रान्झिस्टर जपून ठेवा असं मी आवर्जून सांगेन. आज बाजारात त्याच नंबरने मिळणाऱ्या स्वस्त मालात आतली चिप लहान असलेली नक्कलही असते.

निळ्या चकत्या

एका चकतीवर ‘४७१के’ लिहिलंय. ती काय आहे? कॅपॅसिटर असेल तर ४७० पिकोफॅरड, आणि जवळ ‘२केव्ही’ छापलेलं असेल. पण ‘१४डी४७१के’ किंवा ‘४७१केडी१४’ असेल तर तो व्हॅरिस्टर, ४७० व्होल्टचा, मेनच्या बाजूला सर्ज रोखणारा. दोन्ही निळे, दोन्ही दोन पायांचे, दोन्ही ओहममध्ये ओपन. कॅपॅसिटन्स मोजून सोक्षमोक्ष लावावा म्हटलं तर तिथेही फसगत, कारण १४ मिलिमीटरचा व्हॅरिस्टर स्वतःच काहीशे पिकोफॅरड दाखवतो. इथे छापील अक्षरं आणि बोर्डवरची जागा यांच्यावरच भरवसा ठेवा. दोन्ही नसतील तर ती चकती फेकून द्या, दहा रुपयांच्या भागासाठी जोखीम नको.

तिसरी चकती जिच्यावर ‘वाय१’ आणि बारीक शिक्क्यांची गर्दी असते. ही मेनची गरम बाजू आणि अँटेनाकडची थंड बाजू यांच्यामध्ये बसते. हिच्या जागी ‘२केव्ही आहे ना’ म्हणून साधी चकती कधीही घालू नका. साधी चकती शॉर्ट झाली तर केबलच्या वायरीत आणि एव्हीच्या सॉकेटमध्ये मेनचा करंट येतो, आणि घरातली मुलं त्यालाच हात लावतात.

रिट्रेसचा कॅपॅसिटर

कलेक्टरजवळचा पॉलिप्रॉपिलीनचा कॅपॅसिटर, १६०० किंवा २००० व्होल्टचा, बहुधा ५ ते १२ नॅनोफॅरडमधला. दिसायला किरकोळ, पण सगळं हाय व्होल्टेज त्याच्या किमतीवर टांगलेलं असतं. तो कमी झाला किंवा त्याच्या पायाचं सोल्डर तडकलं की पल्सची उंची वाढते, ईएचटी फुटतो, ट्रान्झिस्टर जातो. ‘नवीन ईएचटी घातला, तोही गेला’ अशी तक्रार असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. सुटा मोजल्यावर छापील किमतीच्या पाच टक्क्यांबाहेर असेल तर ठेवू नका. ‘१०३’ लिहिलेली १०० व्होल्टची हिरवी गोळी याची जागा घेऊ शकत नाही, किंमत तीच असली तरी.

बाकीचे

योक (ट्यूबच्या मानेवरची किरण वळवणारी कॉइल) आणि ट्यूबभोवतीची डीगॉसिंग कॉइल (ट्यूबचं चुंबकत्व काढणारी) यांच्यात चार्ज राहत नाही. तांब्याच्या भावाने जातात. तीन पायांची काळी किंवा पांढरी डबी म्हणजे डीगॉसिंगचा पीटीसी (तापला की रोध वाढणारा रेझिस्टर), थंड असताना काही ओहम ते काही दहा ओहम. तो फ्यूज किंवा रिले नव्हे. भारतात रंगीत प्रसारण १९८२ ला सुरू झालं. त्या काळात बाहेरून आलेल्या सेटमध्ये इपॉक्सीत गाडलेला ट्रिपलर (व्होल्टेज तिप्पट करणारा डायोड-कॅपॅसिटरचा ठोकळा) सापडू शकतो, ईएचटीकडून एक वायर आत आणि ट्यूबकडे जाड वायर बाहेर. त्यात कॅपॅसिटर आहेत, म्हणून हात लावण्याआधी त्याचीही टोकं रिकामी करा. कॉम्प्युटरच्या जुन्या मॉनिटरच्या ईएचटीतही बऱ्याचदा दोन-तीन नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर असतो. लाल वायर आणि पिना यांच्यात कॅपॅसिटन्स मोजला की तो दिसतो.

पिशवी दुसऱ्याकडून आलेली असेल तर त्यात मायक्रोवेव्हचे भाग मिसळलेत का ते आधी बघा. अंड्याच्या आकाराचा पत्र्याचा चपटा डबा, वर दोन किंवा जास्त टोकं, बाजूला ‘२१०० व्होल्ट’ आणि एक मायक्रोफॅरडच्या आसपासची किंमत: हा टीव्हीचा नाही. त्याच्या आत रेझिस्टर असतो, पण तो तुटलेला असू शकतो, आणि हा चार्ज जीव घेतो. याला टीव्हीच्या भागांत ठेवू नका. टोकं रेझिस्टरमधून रिकामी करून, एकमेकांना उघड्या तारेने बांधून वेगळा ठेवा.